प्रयोज्य बाहेरून आणावा

आत्याने पदवीला मानसशास्त्र घेतलं ते गुडघ्यांमुळे. लोकांना उगाच वाटायचं, या वयात एवढा अवघड विषय घेतलाय म्हणजे बाईंना माणसाच्या मनाचा ठाव घ्यायचा असणार. कसलं काय! संध्याकाळच्या कॉलेजात इतिहासाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरायचा आणि मानसशास्त्राचा तळमजल्यावर. प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "विषय कोणता?" आत्याने एकदा जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खाली कोणता असतो?"

खरं तर तिला पदवीही नकोच होती. तिला संध्याकाळ कुठेतरी नेऊन टाकायची होती. आई होती तोवर संध्याकाळ नावाची काही गोष्ट असते हेच तिला माहीत नव्हतं. दुकानातून आलं की आईचं औषध, आईचं अंथरूण, आईची कुरकुर, आणि वर "तू लग्न केलं असतंस तर माझं कोणी केलं असतं गं" हे ऐकायचं. मग आई गेली. काही दिवस लोक आले, मग यायचे थांबले, आणि घरी आल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ नुसता अंगावर यायला लागला. टीव्ही लावला तरी जाईना.

एकदा जॅमच्या बाटलीचं झाकण उघडेना. गरम पाण्यात धरून झालं, फडक्याने पिरगळून झालं. शेवटी बाईने बाटली पिशवीत घातली, बसमधून दुकानात नेली आणि मागे काचा घासायला बसणाऱ्या कारागिराकडून उघडून घेतली. त्याने एका झटक्यात उघडली. "घरात कोणी नव्हतं का?" त्याने सहज विचारलं. "होते की," आत्या म्हणाली. खोटं का बोलली, कुणास ठाऊक. त्या दिवशी तिला जॅम काही गोड लागला नाही. दुसऱ्याच दिवशी ती कॉलेजच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

दुकान चष्म्याचं. आत्या तिथे ऐन तरुणपणी लागली आणि तिथेच तिचे केस पिकले. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एकेक काच आत सरकवायची आणि विचारायचं, "ही बरी, का आधीची बरी?" मग फ्रेमच्या दांड्या गरम करून वाकवायच्या, कानामागे टोचतंय का ते बघायचं, नाकावरचे पॅड दाबून बसवायचे. दिवसभर दुसऱ्याला काय बरं वाटतंय हे विचारायचं. स्वतःला काय बरं वाटतं हे सांगायची मात्र जिभेला सवयच नाही. कुणी जेवायला बोलावलं तर "कशाला उगाच त्रास." कुणी येतो म्हटलं तर "तुमच्या सवडीने हो, माझं काही नाही." अहो, काही नाही कसं? होतं! खूप होतं. पण बोलेल तर शपथ.

कॉलेजात मात्र आत्या रमली. तिथे सगळे तिला काकू म्हणायचे. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दोन माणसं लागतात. प्रयोग घेतो तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो प्रयोज्य. प्रयोगकर्ता व्हायला सगळ्यांना आवडायचं, हातात स्टॉपवॉच घेऊन रुबाब करता येतो ना. प्रयोज्य व्हायला कोणी तयार नसायचं. आत्या असायची. दुकानातून थेट यायची, वर्गात पहिली हजर. "काकू, बसता का जरा?" म्हटलं की बसलीच. आरशात बघून चांदणी गिरवली, निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ केल्या, दिवा लागला की बटण दाबलं. पोरं म्हणायची, काकू म्हणजे आपल्या बॅचचा सार्वजनिक प्रयोज्य.

तिला यात काय मिळत होतं ते पोरांना कधी कळलं नाही. तेवढा वेळ कोणीतरी फक्त तिच्याकडे बघत असायचं. तिचा हात थांबला तर लिहून घ्यायचं, चुकला तर लिहून घ्यायचं. आणि प्रयोग संपला की नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारावाच लागतो: "प्रयोग करताना तुम्हाला काय वाटलं?" त्याला अंतर्निरीक्षण म्हणतात. बाई गं, हा प्रश्न! आत्या त्या प्रश्नासाठी जीव टाकायची. सविस्तर सांगायची: आधी भीती वाटली, मग मजा आली, मध्येच आईची आठवण झाली. पोरं मान डोलवायची आणि कागदावर लिहायची, "सुरुवातीला अवघड वाटले, नंतर सरावाने सोपे गेले." सगळी पोरं सगळ्या प्रयोगांना हेच लिहायची. आत्याने ते एकदा डोकावून वाचलं होतं. तिला लागलं, पण पुढच्या वेळी पुन्हा तितक्याच हौसेने सांगत बसली.

आता आलं तिसरं वर्ष आणि शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे पदवी अडकली, बाकी पेपर कितीही चांगले जावोत. आणि या परीक्षेचा नियम असा की प्रयोज्य बाहेरून आणावा. वर्गातला चालत नाही, कारण त्याला प्रयोग माहीत असतो. प्रत्येकाने आपलं माणूस घेऊन यायचं. पोरांना काय, कुणी भावाला सांगितलं, कुणी मित्राला दटावलं. आत्या फळ्यासमोर बसून विचार करत राहिली. शनिवारची एक सकाळ आपल्यासाठी कोण देईल? एवढाच प्रश्न, पण तो तिने याआधी स्वतःला कधी विचारला नव्हता.

त्यात मॅडमनी वर्गात बजावलं होतं, "प्रयोज्यावर दबाव टाकायचा नाही. तो स्वेच्छेने आला पाहिजे. नको असेल तर कधीही थांबायची त्याला मुभा आहे, हे आधी स्पष्ट सांगायचं." पोरांनी हे परीक्षेपुरतं वाक्य म्हणून घोकलं. आत्याला ते तंतोतंत पटलं. पटणारच, जन्मभर ती दुसरं काय करत आली होती? आता तर शास्त्राचाच आधार मिळाला. ती आमंत्रणंसुद्धा त्याच नियमाने द्यायला निघाली.

आधी कारागिराला विचारलं. तो काच घासायचा थांबला. "माझं डोकं तपासणार? नको ताई. काहीच सापडलं नाही तर दुकानात तोंड कसं दाखवू?" त्याने नुसती थट्टा केली होती, थोडं लावून धरलं असतं तर आला असता. पण आत्या लगेच म्हणाली, "नाही नाही, अजिबात जबरदस्ती नाही हं," आणि विषय मिटला.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मानसशास्त्र? मला काय वेड लागलंय? पोरीला विचार, तिला असली थेरं आवडतात." मग भाचीला फोन. भाची विशीतली, तोंडाने फटकळ, लहानपणी आत्याच्या मांडीवरून उठायची नाही. "कधी आहे गं?" तिने विचारलं. आता इथे सरळ म्हणावं की नाही, ये बाई, तुझ्याशिवाय माझं कोणी नाही? पण छे! आत्याने नियम सांगितला. "शनिवारी सकाळी. पण तुझ्यावर काही बंधन नाही. नाही आलीस तरी मला काही फरक पडत नाही. दुसरी माणसं आहेत माझ्याकडे."

"दुसरी आहेत? मग बरंच झालं," भाची म्हणाली. "शनिवारी जरा गडबडच आहे माझी." आत्याने फोन ठेवला. दुसरी माणसं! कुठली दुसरी माणसं? तिला स्वतःचाच राग आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं.

शेवटी शेजारीण उरली. शेजारीण दारात भाजी निवडत होती. म्हणाली, "शनिवारी ना? बघते." आत्या म्हणाली, "जमलं तरच हं. नाही जमलं तरी काही बिघडत नाही." "बघते" म्हणजे काय हे जगाला कळतं. आत्याने ते हो म्हणून धरलं. तिच्या हातात दुसरं होतं तरी काय?

शनिवारी सकाळी आत्याने ठेवणीतली साडी नेसली आणि शेजारचं दार वाजवायला गेली. दाराला कुलूप. समोरच्या बिऱ्हाडातून कोणीतरी सांगितलं, त्या लेकीकडे गेल्या की काल. बरोबरच आहे. बिघडत नाही म्हटल्यावर कोण कशाला थांबेल? आत्या एकटीच कॉलेजात गेली.

प्रयोगशाळेत टेबलं मांडली होती, दोन टेबलांच्या मध्ये लाकडी आडोसा. प्रत्येक टेबलाशी एक पोर आणि समोर त्याचं माणूस. कोणाची आई, कोणाचा मित्र, एकाने तर आपल्या होणाऱ्या बायकोला आणलं होतं आणि तीच याच्यावर डोळे वटारत होती. आत्याच्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचा प्रयोज्य कुठे आहे?"

"येतायत," आत्या म्हणाली. ती फाटकापर्यंत जाऊन आली, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून आली. कुणाला तरी हात धरून आणावं असंही मनात आलं. पण अनोळखी माणसाला काय सांगणार? परत येऊन ती बसली आणि सहज तिची नजर पलीकडच्या आडोशाकडे गेली.

तिथे वर्गातली बडबडी म्हणून प्रसिद्ध असलेली मुलगी स्टॉपवॉच घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर आरशात बघून चांदणी गिरवत होती ती आत्याची भाची.

आत्याला आधी वाटलं, आपला नंबर वाढला. चष्म्याच्या दुकानात जन्म गेलेली बाई, तिला तसंच वाटणार. पण भाचीने मान वर केली, दोघींची नजरानजर झाली आणि भाचीच्या पेन्सिलीची रेघ चांदणीबाहेर गेली. बडबडी खुशीत म्हणाली, "चूक!" आणि खूण केली. तिला बिचारीला काय माहीत. आत्याने टेबलाची कड धरली. माझ्यासाठी हिला वेळ नव्हता. त्या बडबडीसाठी आहे. दुसरं काही मनात येईना.

परीक्षक पुन्हा आले. नियमाने आत्याला घरी पाठवायला हवं होतं, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "ती मुलगी मोकळी झाली की तुमच्याकडे बसेल. तिचा आरशाचा प्रयोग झालाय, तुम्हाला चक्रव्यूहाचा देतो." आणि त्यांनी भाचीला हाताने खूण केली.

भाची आली, समोर बसली. हळूच म्हणाली, "आत्या, मला माहीत नव्हतं गं तुझी हीच परीक्षा आहे. तू म्हणालीस दुसरी माणसं आहेत. ही माझी मैत्रीण तर फोनवर रडायलाच लागली, मेले, मेले, तू नाही आलीस तर नापास होईन म्हणून."

"बोलू नका," पर्यवेक्षक ओरडले. आत्याने कागद उचलला आणि नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली. "या प्रयोगात तुम्ही स्वेच्छेने भाग घेत आहात. तुम्हाला नको वाटल्यास तुम्ही केव्हाही थांबू शकता." मांडीवर खेळवलेल्या पोरीला तुम्ही म्हणताना ती दोनदा अडखळली.

चक्रव्यूहाचा प्रयोग म्हणजे लाकडी पाटी, तिच्यात खोदलेल्या वाटा. प्रयोज्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्याचं बोट सुरुवातीच्या खाचेत ठेवायचं, आणि त्याने बोटाने चाचपत शेवट गाठायचा. बंद गल्लीत शिरला की एक चूक. प्रयोगकर्त्याने बोलायचं नाही, हुं की चूं करायचं नाही. शेवट गाठला की पुन्हा पहिल्यापासून. आत्याने पट्टी बांधली. भाचीचं बोट हातात घेऊन खाचेत ठेवलं. बोट गार होतं. भाचीचं बोट चाचपडत निघालं, चुकीच्या वाटेला वळलं, अडकलं, मागे आलं. आत्या गप्प. पुन्हा बोट हातात, पुन्हा खाचेत. कितीतरी दिवसांनी ती कोणाचा तरी हात असा पुन्हा पुन्हा हातात घेत होती, आणि परीक्षा संपू नये असं वाटणारी त्या खोलीत ती एकटीच असेल.

चुका कमी होत गेल्या, भाचीला वाट सापडली. आता शेवटचा प्रश्न. पट्टी सोडायची असते हे आत्या विसरूनच गेली. तिने विचारलं, "प्रयोग करताना तुम्हाला काय वाटलं?"

 भाची डोळ्यांवरची पट्टी तशीच ठेवून बोलायला लागली. "मला वाटलं, मी चुकतेय तर तू काहीतरी बोलशील. मला तुझा श्वास ऐकू येत होता, पण तू काही सांगितलं नाहीस. मग वाटलं, ही नेहमी अशीच. ये म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही. आजी होती तेव्हा आम्ही दर रविवारी यायचो. मग यायचे थांबलो तर तू एकदा तरी विचारलंस का, का येत नाही म्हणून? बाबा म्हणतात, तिला एकटीला आवडतं. मलाही तसंच वाटत आलंय."

प्रयोज्याचे शब्द आहेत तसे उतरवायचे, असा नियम आहे. आत्याने उतरवले. ये म्हणत नाही. जाऊ नको म्हणत नाही. तिला एकटीला आवडतं. तिथे आल्यावर पेन अडलं, कारण कागद दिसेना. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि वाक्य पुरं केलं. मग उठून भाचीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. भाचीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती घाबरलीच.

तेवढ्यात परीक्षक तोंडी परीक्षेला आले. त्यांनी तक्ते बघितले, सरासरी बघितली, मान डोलवली. मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि कपाळाला आठी घातली. "हे काय? याचा प्रयोगाशी काय संबंध? हे खोडा आणि लिहा, सुरुवातीला अवघड वाटले, नंतर सरावाने सोपे गेले."

"ती तसं म्हणाली नाही, सर."

"अहो बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"कळतंय हो. पण ती तसं नाही म्हणाली." आत्याने कागदावर हात ठेवला होता. या जन्मात तिने कोणाला एवढं अडवलं नव्हतं.

परीक्षकांनी खांदे उडवले. "पास व्हाल. पण इथले मार्क गेले." आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

पास! एरवी तिने सुटकेचा केवढा श्वास सोडला असता. आत्ता ती भाचीकडे बघत उभी होती. दारात बडबडी आणि तिच्या मैत्रिणी हातवारे करत होत्या, चल, चल. भाचीने पर्स उचलली. "आत्या, त्या थांबल्यात. जाऊ?"

"आत्ताच?" आत्या म्हणाली. तिच्या हिशोबाने एवढं म्हणणंही फार झालं.

"जायला पाहिजे गं. सगळ्यांचं ठरलंय." भाची दोन पावलं गेली आणि वळली. "उद्या येऊ का घरी?"

"तुला जमलं तर," आत्या बोलून गेली आणि तिथेच थांबली.  "नाही. ये. जेवायलाच ये. मी वाट बघणार आहे. आणि आली नाहीस तर मला वाईट वाटेल, दिवसभर वाटेल."

"बाप रे," भाची म्हणाली. "धमकी देतेस की काय?"

"हो, देतेय. आणि तुझ्या बाबाला सांग, मला एकटीला मुळीच आवडत नाही. कधीच आवडलं नाही." बोलताना तिचा आवाज चढला होता. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या, आणि पर्यवेक्षकसुद्धा गप्प बसा म्हणायचं विसरले.